गळ्यातला ताईत, वाळवंटातला

मागच्या महिन्यात आईबरोबर गावच्या घरातलं कपाट आवरायला बसलो होतो. जुन्या घरातलं कपाट आवरणं म्हणजे काय असतं ते सांगायला नको. दोन तासांत एक खणसुद्धा आवरून होत नाही, कारण प्रत्येक वस्तूमागे एक गोष्ट असते आणि ती सांगितल्याशिवाय आई वस्तू खाली ठेवत नाही. तर अशाच एका पितळी डब्यात, तुटक्या जोडव्यांच्या आणि बिनजोडीच्या कुड्यांच्या खाली, एक काळी पडलेली चांदीची पेटी सापडली. अंगठ्याच्या पेराएवढी. वर दोन कड्या, एका टोकाला लाखेनं बंद केलेली.

"हा तुझ्या बाबांचा ताईत. लहानपणी सारखे आजारी पडायचे ना, तेव्हा आजींनी बांधला होता."

मी सवयीनं नखानं लाख उकरायला लागलो. आईनं हातावर चापटी मारली. "उघडू नकोस!"

"का? काय आहे आत?"

"मला काय माहीत? आजींनी कधी उघडला नाही."

विषय तिथंच संपला. पण परत येताना गाडीत मला एक काचेचं कपाट आठवत राहिलं. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी पॅरिसला होतो, तेव्हा एका रविवारी 'के ब्रान्ली' म्युझियममध्ये गेलो होतो. तिथं सहाराच्या विभागात अशीच एक चांदीची पेटी पाहिली होती. आकारानं बरीच मोठी, चौकोनी, वर बारीक भौमितिक कोरीवकाम. ती तुआरेग लोकांची. तेव्हा मनात आलं होतं, "अरे, हा तर ताईत!" आणि मी पुढे गेलो होतो. ह्यावेळी मात्र पुढे जाता येईना. गेले तीन वीकेंड ह्याच वाचनात गेले, त्याचा हा हिशोब.

आधी तुआरेग कोण ते थोडक्यात. सहाराच्या मध्यभागी आणि दक्षिण काठाला राहणारे, परंपरेनं उंट-शेळ्या राखून फिरणारे हे लोक. आज ते मुख्यतः नायजर आणि माली ह्या देशांत, शिवाय अल्जीरिया, लिबिया आणि बुर्किना फासोमध्ये आहेत. म्हणजे लोक एक आणि सरहद्दी पाच. भाषा तमाशेक, तिची स्वतःची लिपी आहे, तिफिनाघ. धर्म इस्लाम. पण इथं चेहरा झाकतात ते पुरुष! वयात आलेला मुलगा 'तागेलमुस्त' नावाचं लांबलचक फडकं डोक्याला आणि तोंडाला गुंडाळतो. बायका चेहरा उघडा ठेवतात, तंबू बायकोच्या मालकीचा असतो आणि दागिनेही तिचे. फडक्याची नीळ कातडीवर उतरते म्हणून युरोपियन प्रवाशांनी ह्यांना 'निळे लोक' म्हणून प्रसिद्ध करून टाकलं.

त्या पेटीचं नाव 'चेरोत'. लिहिणारे ते दहा तऱ्हांनी लिहितात, मी हे धरतो. चांदीचा, तांब्याचा किंवा पितळेचा पत्रा ठोकून बारीक करायचा, त्याची चपटी पेटी करायची, मधोमध पायऱ्यांसारखा उंचवटा आणि भोवती रेघा, त्रिकोण, ठिपके. पुरुष ती गळ्यात घालतात किंवा पागोट्यावर अडकवतात, बायका हारात ओवतात. ज्यांना चांदी परवडत नाही ते चामड्याची शिवतात. पेटी कसलीही असो, काम तेच. आतल्या कागदाला सांभाळायचं.

आणि कागद कशासाठी? वाळवंटात माणसाला एकटं गाठणारी भुतं असतात, त्यांना 'केल एसूफ' म्हणतात, म्हणजे एकांतातले, ओसाडीतले लोक. शिवाय नजर लागते. आणि नजरेइतकंच घातक म्हणजे तोंड. कुणी तुमच्या पोराचं, उंटाचं तोंडभरून कौतुक केलं आणि देवाचं नाव घेतलं नाही, की झालं! (आपल्याकडे "दृष्ट लागेल गं" म्हणतात ते हेच ना?) ह्या सगळ्यापासून राखायला 'मराबू', म्हणजे शिकलेला धर्मगुरू, कागदावर कुराणातली वचनं लिहून देतो. कधी देवदूतांची नावं. कधी आकड्यांचे चौकोन.

हे आकड्यांचे चौकोन वाचल्यावर मी खुर्चीत ताठ बसलो. अरबी परंपरेतला सगळ्यात प्रसिद्ध चौकोन असा:

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

उभा, आडवा, तिरका, कसाही मिळवा, बेरीज १५. आपण शाळेत हा 'जादूचा चौरस' म्हणून शिकलो, आणि पूजेच्या दुकानात तो अजूनही पंधराचं यंत्र म्हणून मिळतो. अरबी अक्षरांना आकड्यांच्या किमती असतात. चार कोपऱ्यांतले २, ४, ६, ८ घेतले की ब, द, व, ह ही अक्षरं येतात. त्यांचा शब्द झाला 'बुदूह', आणि मग तो शब्दच स्वतंत्र मंत्र होऊन बसला. लोक तो पत्रांवर लिहायचे, पत्र नीट पोचावं म्हणून! मोठ्या मजकुराचा एक छोटा कोड करायचा आणि तो कोडच पाठवायचा, ही युक्ती आमच्या धंद्यात फार नंतर आली.

ही नुसती अंधश्रद्धा म्हणून उडवून लावायची गोष्ट नाही. आजच्या नायजरच्या सीमेला लागून, उत्तर नायजेरियात, कात्सिना नावाचं शहर आहे. तिथला मुहम्मद इब्न मुहम्मद अल-फुल्लानी हा विद्वान हजला गेला आणि पुढे कैरोत राहिला. १७३२ च्या सुमारास त्यानं विषम ओळींचे असे चौकोन पद्धतशीर कसे बनवायचे ह्यावर अरबीत लिहिलं. म्हणजे तीनाचा, पाचाचा, सातचा, कितीही मोठा. ह्याला आपण आज अल्गोरिदम म्हणतो. आपल्याकडे नारायण पंडितानं 'गणितकौमुदी'त १३५६ साली ह्याच विषयाला आख्खं प्रकरण दिलंय. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचा संबंध नाही, पण भेटले असते तर गप्पा रंगल्या असत्या.

आता कागदाकडून पेटीकडे. कारण खरी गोष्ट तिथं आहे.

पेटी बनवणारे ते 'इनादान'. एक असेल तर 'एनाद'. ह्यांना नुसतं सोनार म्हणून चालणार नाही. तलवार, कुऱ्हाड, उंटाचं खोगीर, लाकडी चमचा, कुलूप, दागिना, सगळं तेच करतात, आणि चामड्याचं काम त्यांच्या घरातल्या बायका करतात. जमिनीवर मांडी घालून बसायचं, ऐरण वाळूत रोवलेली, शेजारी बकरीच्या कातड्याचा भाता. क्रॉससारखा ओतीव दागिना असेल तर आधी मधमाशीच्या मेणाचा नमुना करायचा. त्याला मातीत लिंपायचं, भोक ठेवायचं, विस्तवात भाजायचं. मेण वितळून निघून जातं, त्याच्या पोकळीत वितळलेली चांदी ओततात, आणि थंड झाल्यावर माती फोडतात. आपले ओतारी आणि बस्तरचे ढोकरावाले हेच करतात. साचा प्रत्येक वेळी फुटतो, म्हणून हुबेहूब दुसरा दागिना निघतच नाही. मग कानस, मग कोरणी. कागदावर आराखडा नाही. सगळं डोक्यात आणि हातात.

समाजात ह्यांची जागा मात्र विचित्र. तुआरेग समाजात वर खानदानी सरदार, त्यांच्याखाली मांडलिक, बाजूला धर्मगुरूंची कुळं, तळाला एकेकाळचे गुलाम. इनादान ह्या शिडीवर कुठंच नीट बसत नाहीत. त्यांच्याशी सहसा सोयरीक होत नाही. त्यांची आपसातली एक गुप्त बोली आहे, 'तेनेत', जी सरदारांना कळत नाही. एकेक एनाद कुटुंब एकेका सरदार घराण्याला पिढ्यानपिढ्या बांधलेलं. कामाचे रोख पैसे नाहीत, वर्षभरात धान्य, दूध, मांस, सणावारी कपडा. आमच्या गावच्या बलुतेदारीचं वर्णन आजोबांकडून ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि गंमत बघा. सरदाराला 'तकराकित' पाळावी लागते. तकराकित म्हणजे भीड, संकोच, अब्रू. त्यानं मागायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, मनातलं तोंडावर आणायचं नाही. एनादला ही भीड नाही. म्हणून मग लग्नाची बोलणी करायला एनाद, भांडण मिटवायला एनाद, निरोप न्यायला एनाद, लग्नात मांस शिजवून वाटायला एनाद. ज्याला आपल्या बरोबरीनं बसवायचं नाही त्याच्याशिवाय पोराचं लग्नही ठरत नाही!

आणि वर त्याची भीतीही. मराबूजवळ 'अल-बरका' असते, म्हणजे आशीर्वादाची शक्ती. लोहाराजवळ 'एत्तामा' असते. त्यानं काही मागितलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तो मनात नाराज झाला, की ती शक्ती तुमच्या घराला बाधते. मानववंशशास्त्रज्ञ सुझन रासमुसेन ह्यांनी नायजरच्या आइर डोंगराळ भागात राहून ह्या दोन शक्तींवर बरंच लिहिलंय. ते वाचताना माझ्या डोक्यात ती पेटी पुन्हा आली. आत मराबूनं लिहिलेला कागद, बाहेर एनादनं ठोकलेली चांदी. एक शक्ती सगळ्यांना हवी असलेली, दुसरी सगळ्यांनी घाबरायची. एरवी समाज ह्या दोघांना वेगळ्या पंगतीत बसवतो, पण पोराच्या गळ्यात बांधायची वेळ आली की दोघंही लागतात.

आता ती चांदी कुठून यायची? सहाराच्या त्या भागात चांदीच्या खाणीवर जगणारी परंपरा नाही, आणि सोनं ह्यांना परंपरेनं अशुभ. चांदी म्हणजे शुद्ध, चंद्राची, पैगंबरांना आवडणारी. (अलीकडे शहरातल्या श्रीमंत बायका सोनं घालायला लागल्यात म्हणे. चालायचंच.) तर चांदी यायची नाण्यांतून. व्यापाऱ्यांबरोबर आलेली नाणी वितळवायची. फ्रेंच राजवटीत पाच फ्रँकची नाणी वितळली. पण ह्या सगळ्यातलं राजा नाणं, नव्हे राणी नाणं, म्हणजे मारिया तेरेसा थेलर.

मारिया तेरेसा ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी. ती १७८० साली वारली. पण तिच्या नाण्यावर तांबड्या समुद्राच्या आणि आफ्रिकेच्या व्यापाऱ्यांचा इतका विश्वास बसला होता की नवीन छाप कुणी घेईनाच. मग ऑस्ट्रियानं तेच नाणं, त्याच १७८० सालाचं, पुढे पाडत राहायचं ठरवलं. २८ ग्रॅमचं, त्यात चांदी ८३.३ टक्के. घेणारा बाईच्या मुकुटावरचे मोती मोजून नाणं पारखायचा. मोती कमी-जास्त असले तर परत! चेकसमच म्हणा ना.

१९३५ मध्ये मुसोलिनीला इथियोपियावर चढाई करायची होती. इथियोपियात हेच नाणं चालायचं, म्हणून इटलीनं व्हिएन्नाकडून ते पाडायचा हक्क आणि ठसे मिळवले. त्यावर ब्रिटिशांनी लंडनमध्ये स्वतःच ते पाडायला सुरुवात केली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, इथियोपियात इटलीशी लढायच्या काळात, हे नाणं मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं. हो, आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत! १९४० नंतरच्या एक-दोन वर्षांत, दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या ऑस्ट्रियन राणीचा चेहरा, १७८० हे साल घालून, मुंबईचे कामगार चांदीवर उठवत होते. त्यातलं एखादं फिरत फिरत एनादच्या मुशीत पोचलं का, हे कुणी सांगू शकणार नाही. वितळलेल्या चांदीला गाव नसतं. पण त्या टांकसाळीसमोरून मी कितीदा गेलोय, आणि हे माहीत नव्हतं.

हिंदुस्थानचा धागा इथंच संपत नाही. तुआरेग दागिन्यांत 'तलहाकिम्त' नावाचं एक पदक आहे. वर गोल कडं, खाली त्रिकोणी पान, बहुतेक लाल अकीक दगडाचं. गुजरातेतल्या खंबातच्या अकीक कारागिरांनी हा घाट बनवला आणि तो व्यापारातून आफ्रिकेत गेला, असं अभ्यासक मानतात. नंतर जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या कारखान्यांनी त्याची नक्कल केली, मग बोहेमियानं काचेची केली, आणि शेवटी प्लॅस्टिकचीही आली. प्लॅस्टिकचा ताईत! पण घालणाऱ्यांनी तोही घातला.

तुआरेग दागिना म्हटलं की जगाला आठवतो तो 'आगादेझचा क्रॉस'. तमाशेकमध्ये 'तनगिल्त'. ह्या शब्दाचा संबंध ओतण्याशी लावतात, म्हणजे 'ओतीव' दागिना. ह्या क्रॉसवर युरोपियनांनी कल्पनेचे घोडे भरपूर दौडवले. कुणी म्हणालं इजिप्तचा 'अंख', कुणी म्हणालं हे लोक पूर्वी ख्रिश्चन होते, कुणाला कार्थेजची देवी तानित दिसली. एक साधं स्पष्टीकरणही आहे. वर कडं, खाली टोकदार पान, म्हणजे दगडाच्या तलहाकिम्तचंच चांदीतलं रूप. मला हे पटतं. पण त्यात गूढ काहीच नाही, म्हणून ते खपत नाही. दुकानात तुम्हाला सांगतात, बाप मुलाला हा क्रॉस देताना चार दिशा देतो, कारण तो कुठं मरेल ते माहीत नसतं. सुंदर आहे. खपायलाही सोपं आहे. नायजरच्या वेगवेगळ्या गावांच्या नावांनी 'एकवीस क्रॉस'चा संच मिळतो, आगादेझ, इन-गाल, इफेरुआन, ताहुआ, झिंडर, बिल्मा... हा पूर्ण संच मात्र आधुनिक काळातला. संग्राहकाला संच पूर्ण करायची खाज असते, हे कारागिरानं बरोबर ओळखलं.

आणि ओळखणं भागच होतं. कारण १९६८ ते १९७४ च्या दरम्यान साहेलमध्ये दुष्काळ पडला. एक वर्ष नाही, सलग. जनावरं तडफडून मेली. ज्यांची श्रीमंती चार पायांवर चालायची ते सरदार राजधानी नियामेबाहेरच्या छावणीत धान्याच्या रांगेत उभे राहिले. बायकांनी दागिने विकले. दागिना ही त्यांची बँक होती, आणि सगळ्यांनी एकाच वेळी बँक मोडली की भाव काय येणार? त्यातून सावरत होते तोवर १९८४-८५ चा दुष्काळ आला.

ज्याला पोसणारा सरदारच उरला नाही त्या एनादनं काय करायचं? तो शहरात गेला. नियामेच्या राष्ट्रीय संग्रहालयात १९५९ मध्ये सुरुवात झाली तेव्हापासूनच आवारात कारागिरांना बसून काम करायला जागा होती. आगादेझला पर्यटक यायला लागले, १९७९ पासून पॅरिस-डाकार रॅली यायला लागली. ज्याला भीड नव्हती, मागायची लाज नव्हती, परक्याशी बोलायची सवय होती, तोच बाजारात टिकला. आणि भीड पाळणारे मागे राहिले. उपऱ्यासारखं वागवलेला माणूस आता घर चालवत होता, कधीकधी जुन्या धन्याचंसुद्धा. १९९० च्या दशकात तर पॅरिसच्या एर्मेस कंपनीनं तुआरेग कारागिरांकडून चांदीकाम करून घेतलं. २००६ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि स्टॅनफर्डच्या संग्रहालयांनी तुआरेग कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं.

हे सगळं चांगलंच झालं असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण १९९० मध्ये नायजरात तुआरेग बंड पेटलं, १९९५ ला तह झाला, २००७ ते २००९ पुन्हा बंड. २०१२ मध्ये माली पेटलं. २०२३ मध्ये नायजरात लष्करानं सत्ता घेतली. प्रत्येक वेळी आधी पळतो तो पर्यटक. २०१३ मध्ये युनेस्कोनं आगादेझच्या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान दिला, तिथल्या मातीच्या मशिदीचा २७ मीटरचा मिनार फोटोत बघून घ्यावा असा आहे. पण तो बघायला जाणार कोण? सरदार गेला म्हणून एनाद पर्यटकावर अवलंबून राहिला, आणि पर्यटक सरदारापेक्षा बेभरवशाचा निघाला.

ह्या बाजारात एक बारीकसा बदल झाला, आणि तो मला सगळ्यात जास्त खुपला. पर्यटकासाठी बनवलेल्या चेरोतमध्ये कागद नसतो. कशाला असेल? घेणाऱ्याला पेटी हवी असते. काम तितकंच बारीक, चांदी तीच, हातही तोच. आत नुसती हवा. पूर्वी मराबूचा कागद मौल्यवान होता आणि लोहाराची पेटी नुसतं आवरण होती. आता आवरण जगभरच्या काचेच्या कपाटात बसलंय आणि कागदाचं नाव कुणी काढत नाही. एका अर्थानं लोहार जिंकला. ज्याच्या कामाला दुय्यम म्हटलं गेलं त्याचंच काम उरलं. मला ह्याचा आनंद व्हायला हवा, आणि होतोही, पण पूर्ण नाही. पेटी बनवणाऱ्या हातालाही हे ठाऊक होतं की आपण कशाला तरी सांभाळतोय. नुसत्या हवेभोवती इतकी नक्षी करताना त्याला काय वाटत असेल?

मग वाटतं, हा प्रश्न पडायला माझं पोट भरलेलं आहे. दुष्काळात जनावरं गमावलेल्या माणसाच्या पोरांना रिकाम्या पेटीनं जेवू घातलं. ताईत राखण करतो म्हणतात ना, तर ती पेटी रिकामी असूनही राखण करतेच आहे की.

'ताईत' हा आपला शब्दही तिकडचाच नातेवाईक. अरबी 'तावीझ', म्हणजे ज्याच्या आश्रयाला जायचं ते. हिंदीत तावीज झाला, मराठीत ताईत होऊन इतका घरचा झाला की लाडक्या माणसाला आपण गळ्यातला ताईत म्हणतो. एकाच शब्दाच्या एका टोकाला आगादेझचा मराबू आणि दुसऱ्या टोकाला माझी आजी.

बाबांना फोन केला होता. म्हटलं, "तुमचा ताईत सापडला. आत काय आहे माहितीये?"

"नाही बुवा. पण तो घातल्यावर आईला झोप लागायची."

बाबांना लागायची का, ते विचारायचं राहिलं.

पेटी आता माझ्याकडे आहे. टेबलाच्या खणात, जुन्या सिमकार्डांच्या शेजारी. शेंगदाण्याएवढीही जड नाही. कानाशी धरून हलवली की आत काहीतरी हलतं. कागद असेल, अंगारा असेल, किंवा लाखेचाच सुटलेला तुकडा असेल. स्क्रू ड्रायव्हर हाताशी आहे. लाख अजून तशीच आहे.